बाह्या लावलेला सदरा

मी, खाली सही करणारी, वय एकोणऐंशी पूर्ण, धंदा धुणं आणि शिवण (गुडघ्यांनी बंद पाडला), लग्न होऊन आले त्या दिवसापासून याच घरात राहणार, असं लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे, कान बरे आहेत, एक डोळा तेवढा कामातून गेला आहे, आणि हा कागद मी स्वखुशीने, कोणाच्याही दबावाखाली न येता करत आहे. हे शेवटचं वाक्य वकीलबाईंनी सांगितलं. म्हणाल्या, आजी, त्याशिवाय कागद उभा राहत नाही. मी म्हटलं, बाई, ते वाक्य माझ्या ओळखीचं आहे. कुठे भेटलं होतं ते पुढे येईल.

अक्षर माझं स्वतःचं आहे. शाळा मी दोन वर्षं पाहिली, तीही बाहेरून जास्त. पंचाहत्तराव्या वर्षी मला लिहायला शिकवलं थोरल्याच्या मुलीने, माझ्या नातीने. तिला आम्ही ठकी म्हणतो, आणि ती कितीही मोठी अधिकारी झाली तरी या कागदात ठकीच राहील. ती परीक्षेचा अभ्यास करायची आणि मी शेजारी पाटी घेऊन बसायची. दोघी एकमेकींना ओरडायचो. ‘ळ’ मला अजून धड येत नाही, मांजर वेटोळं करून बसल्यासारखा होतो. पण गेल्या महिन्यात फौजदारकीच्या यादीत ठकीचं नाव आलं ते पेपरात मी स्वतः वाचलं, बोट ठेवून, कोणाला न विचारता. मला इतका आनंद झाला की चष्मा डोळ्यावर असताना मी घरभर चष्मा शोधला. तो आनंद अजून आहे. पुढे जे लिहिते त्याने तो खोटा ठरत नाही, हे ठकीने ध्यानात ठेवावं.

आता वाटणी.

पहिलं. घराच्या दोन खोल्या, हक्कासह माझ्या नावावर. पुढची थोरल्याला. छप्पर त्यानेच दोनदा शाकारलं, आणि दोन्ही वेळा मला ऐकवलं, तेही फेडलं गेलं असं धरावं.

दुसरं. <मागची खोली, मोरीसह, पेंटरला.> हे मी रविवारी लिहिलं होतं आणि गुरुवारी खोडलं. का खोडलं ते शेवटी कळेल. आता मागची खोली धाकटीला, म्हणजे माझ्या लेकीला, तिच्या नवऱ्याला नाही.

तिसरं. शिवणाचं मशीन धाकटीलाच. पायडल जड चालतं, तेल मागतं, पण टाका कधी सुटलेला नाही. थोरल्याच्या बायकोचा डोळा त्यावर आहे हे मला माहीत आहे. तिने सून म्हणून माझं सगळं केलं, पण तिला सुईत दोरा ओवता येत नाही, आणि मशीनवर कुंड्या ठेवलेल्या मला वरून बघवणार नाहीत.

चौथं. कोळशाची इस्त्री समोरच्या शिंपीणबाईंना. त्यांनी ती माझ्याकडून उसनी नेली, दोन वर्षं ठेवली, आणि परत देताना मलाच विचारलं, झाकणाची मूठ कशी हो मोडली तुमच्याकडून? मोडक्या मुठीसकट त्यांनी ती ठेवून घ्यावी. त्यांच्याशी माझं आणखी एक देणंघेणं आहे, पण त्यात चूक माझी आहे. तेही पुढे येईल. सगळं पुढेच ढकलते आहे, असं ठकी म्हणेल. बरोबर आहे तिचं.

पाचवं. रेडिओ. खोक्यातून काढलेला नाही. आमचे हे हवालदार होते, हे गल्लीला सांगायला नको, मला तर सगळे अजूनही हवालदारीणच म्हणतात. गोदामाच्या केसनंतर साहेबांनी त्यांना तो बक्षीस दिला. ह्यांनी तो माळ्यावर टाकला आणि परत कधी खाली घेतला नाही. मुलं लहान असताना मागे लागायची. एकदा शेजारच्या घरात कोणी मोठ्याने गाणी लावली तर हे जेवणावरून उठून नदीपर्यंत चालत गेले. मला वाटायचं, माणूस रुक्ष आहे. लोकांना उलट वाटायचं. चौकीवरून जाणारे म्हणायचे, पोलीस भलतेच शौकीन दिसतात, दिवसभर गाणी चालू. आतल्या खोलीतलं ओरडणं बाहेर जाऊ नये म्हणून चौकीतला रेडिओ मोठा करत, हे मला त्या केसच्या तिसऱ्या दिवशी कळलं, कपड्यांचं गाठोडं आणायला गेले तेव्हा. कळलं, आणि मी गाठोडं उचलून घरी आले. हा रेडिओ कोणालाही द्या. नाही दिलात तरी चालेल.

सहावं कलम ट्रंकेचं. या कागदाचं खरं काम तेच आहे, म्हणून ते मी सावकाश लिहिते.

चौकीचं धुणं माझ्याकडे होतं. युनिफॉर्म, कोठडीतल्या घोंगड्या, आणि कोणाला कोर्टात उभं करायचं असलं की त्याच्या अंगावरचे कपडे. ते आदल्या दिवशी येत आणि सकाळी इस्त्री होऊन जात. रक्त थंड पाण्यात जातं, मिठाचा हात लावायचा. गरम पाणी पडलं की ते पक्कं बसतं, मग देव आला तरी निघत नाही. हे मला सासूने शिकवलं होतं, बायकांच्या कपड्यांसाठी. मी ते चौकीसाठी वापरलं आणि माझ्या हाताचं नाव झालं. साहेब म्हणायचे, हवालदारीणबाईंच्या हातून आलेला कपडा दुकानातून आल्यासारखा दिसतो.

चौतीस वर्षांपूर्वी नदीकडचं गोदाम जळालं. दोन राखणदार आत जळून मेले. गाव पेटून उठलं होतं, आणि त्यात चूक काहीच नव्हती, दोघांचीही पोरं लहान. आठवडाभर आधी कामावरून काढलेल्या माणसांनी गोदामाच्या भिंतीवर मागण्या लिहून घेतल्या होत्या. लिहिणारा होता पेंटर. गावातल्या झाडून सगळ्या दुकानांच्या पाट्या त्याच्या हातच्या. आमच्या दारावरची ह्यांच्या नावाची पाटीही त्यानेच रंगवली, मला वहिनी म्हणायचा, आणि ती पाटी वाचता येत नसताना मी कौतुकाने बघत बसायचे. त्याला उचलला.

नवव्या दिवशी त्याचा सदरा माझ्याकडे आला. अर्ध्या बाह्यांचा. पेंटर कायम अर्ध्या बाह्यांचा घालायचा, रंगात बाही बुडू नये म्हणून. रंगाचे डाग तसेच राहिले, बाकीचे मी काढले. ह्यांच्याबरोबर साहेबांचा निरोप होता: सदऱ्याला पूर्ण बाह्या लावा, मनगटाला घट्ट बटणाच्या. का, ते मी विचारलं नाही. विचारलं नाही म्हणजे मला समजलं होतं. कपडा जुळणारा नव्हता, म्हणून मी आमच्या ह्यांच्या एका विटक्या सदऱ्याच्या बाह्या काढल्या आणि रंगाला रंग लावून अशा जोडल्या की जोड कुठे आहे ते मला स्वतःला शोधावं लागलं. मला अभिमान वाटला. तो मी इथे लिहून ठेवते, कारण दुसरं काही झाकलं तरी हे झाकायचं नाही, असं मी ठरवलं आहे.

कोर्टात मॅजिस्ट्रेटसाहेबांनी लिहिलं, आरोपी नीटनेटक्या कपड्यांत आहे, अंगावर मारहाणीची खूण दिसत नाही, काही तक्रार नाही. ह्यांनी घरी येऊन मला ते सांगितलं. आणि कबुलीजबाबाचं पहिलं वाक्यही सांगितलं: मी हे स्वखुशीने, कोणाच्याही दबावाखाली न येता सांगत आहे. वकीलबाई, ते वाक्य मला इथे भेटलं होतं.

पेंटरने तीन साथीदारांची नावं दिली होती. सायकलवाला, समोरचे शिंपी म्हणजे शिंपीणबाईंचे मालक, आणि छापखानेवाला. तिघांनाही आत घेतलं. शिंपी आणि छापखानेवाला महिन्याने परत आले, सायकलवाला आलाच नाही. कागदावर हृदय बंद पडलं. तिघं आत असताना नळावर सगळ्या बायका पेंटरला शिव्या घालत होत्या, की एकटा बुडाला नाही, दुसऱ्यांना घेऊन बुडाला. शिंपीणबाई रडत होत्या. आणि मी, हातात बादली, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “केलंच नसतं तर कबूल कशाला केलं असतं? निर्दोष माणूस मेला तरी बोलत नाही.” शिंपीणबाईंनी माझा हात धरला. त्यांना वाटलं मी पेंटरला दोष देऊन त्यांच्या बाजूने बोलते आहे. हे ते दुसरं देणंघेणं. इस्त्री त्याच्यापुढे काहीच नाही.

कोर्टातून पेंटर पुन्हा कोठडीत गेला. चार दिवसांनी तोच सदरा परत आला. माझ्या बाह्यांसकट. त्याच्याबद्दल मी एवढंच लिहिते की या वेळी बाह्यांच्या जोडाचा प्रश्न नव्हता, सगळा एकाच रंगाचा झाला होता. मी थंड पाणी काढलं, मीठ घेतलं, आणि माझा हात पाण्यात जाईना. ह्यांना म्हटलं, रंग उतरला, वाया गेला, दुसरा देते. तो सदरा वाळवून ट्रंकेत घातला. तेवढंच केलं. लोक म्हणतील, पुरावा ठेवला, मोठी बाई. तसं काही नाही. सायकलवाल्याच्या मरणाची चौकशी करायला वरून साहेब आले, तेव्हा त्यांनी मलाही बोलावलं. विचारलं, कोठडीतले कपडे तुमच्याकडे येतात का? ट्रंक घरी होती, दहा मिनिटांच्या अंतरावर. मी म्हणाले, नाही हो, मी फक्त युनिफॉर्म धुते. त्यांनी ते लिहिलं, वाचून दाखवलं, आणि मी अंगठा दिला. पोटाचा प्रश्न होता, नवरा त्याच चौकीत होता, मुलं लहान होती. ही तिन्ही कारणं खरी आहेत. तरी अंगठा माझाच होता.

चौदा महिन्यांनी विम्याच्या माणसाने शोधून काढलं की गोदाम विजेच्या जुन्या तारेने जळालं. पेंटर सुटला. कोणी त्याला पाटी रंगवायला दिली नाही, आणि दिली असती तरी रंगवणार कशाने? बोटं मिटेनात. लोक म्हणायचे, दारूने हात कापतात. तो दारू पीत नाही.

आमच्या ह्यांचं लिहिते. कोठडीत मारताना ते पाय धरायचे. एवढंच माझं काम होतं, पाय धरायचं, असं ते म्हणत. त्या वर्षापासून धाकटी रडायला लागली की ते घराबाहेर जात. लेकीला त्यांनी पुढे कधी कडेवर घेतलं नाही. ती समजते की बाबांचा जीव तिच्यावर नव्हता. बाळे, तसं नव्हतं. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात एका दुपारी ते मला म्हणाले, “तो पहिल्याच दिवशी खरं बोलला होता गं. मी नाही केलं म्हणाला. उरलेले आठ दिवस आम्ही त्याच्याकडून खोटं काढत होतो.” मी म्हटलं, पडा आता. दुसरं काय म्हणणार होते?

हे सगळं मी माझ्याबरोबरच नेणार होते. पण ठकीची निवड झाली त्याच आठवड्यात आम्ही सगळे जेवत होतो, टीव्हीवर कोणाला तरी तोंडावर कापड टाकून नेताना दाखवत होते. थोरला म्हणाला, लावा चार, पोपटासारखा बोलेल. आणि माझी ठकी, जिने मला ‘क’ काढायला शिकवला, ती हसून म्हणाली, “बाबा, आता तसं करता येत नाही. पण खरं सांगू का, दोन दिल्याशिवाय कोणी तोंड उघडत नाही.” मी हातातला घास ताटात ठेवला. शब्द वेगळे, पण ते माझंच बोलणं होतं, नळावरचं, चौतीस वर्षांनी माझ्याच घरात परत आलेलं. हिला हे कोणी शिकवलं? कोणी नाही. आम्ही कोणीच काही सांगितलं नाही, म्हणून ती ते शिकली.

रविवारी मी हा कागद लिहायला घेतला. लिहिलं, मी गेल्यावर सदरा ठकीला द्यावा आणि मागची खोली पेंटरला. सोमवारी वाचून पाहिलं तर मला माझाच राग आला. मेल्यावर खरं बोलायला काय लागतं? मेलेल्या माणसाला कोणी चौकीत नेत नाही. बुधवारी मी ठकीला सगळं सांगितलं. तिने सदरा हातात घेतला आणि एवढंच म्हणाली, आजी, बाही कुठे जोडलीस दाखव. मी दाखवली. तिने बोट फिरवलं. जोड दिसत असूनही तिच्या बोटाला लागेना. मग म्हणाली, चप्पल घाल.

पेंटर रंगाच्या दुकानात बसतो. गिऱ्हाईक भिंतीचा पोपडा घेऊन येतं, तो नुसतं बघून सांगतो, कुठल्या डब्यात काय मिसळायचं. मी पिशवीतून सदरा काढून फळीवर ठेवला. त्याने वाकून बाही बघितली.

“बाह्या तुम्ही लावल्या होत्या, हवालदारीणबाई?”

मी हो म्हटलं.

“काम चांगलं होतं,” तो म्हणाला. टोमणा नव्हता, कारागीर कारागिराला सांगतो तसा. “मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारलं, काही तक्रार आहे का. तोंडातून आवाज निघेना, म्हणून म्हटलं मनगटच दाखवावं. बाही वर घ्यायला गेलो. पण बटण घट्ट होतं, आणि बोटं चालत नव्हती. निघालंच नाही. चौकीच्या साहेबांनी ते बघितलं होतं. म्हणून परत गेल्यावर हे.” त्याने हनुवटीने सदऱ्याकडे दाखवलं.

चौतीस वर्षं मला वाटत होतं, मी फक्त झाकलं.

ठकीने विचारलं, काका, मग ती तीन नावं का घेतलीत? मी तिला कोपराने ढोसलं, पण तो चिडला नाही. म्हणाला, “त्यांना नावं हवी होती, पोरी. माझ्याकडे नव्हती. डोळे मिटले की मी रंगवलेल्या पाट्या दिसायच्या. त्या वाचत गेलो. तिसऱ्या पाटीला ते थांबले, नाहीतर अख्खा बाजार सांगितला असता.” मग म्हणाला, “सायकलवाल्याची पाटी मी त्याला फुकट करून दिली होती.” त्यानंतर तो गिऱ्हाइकाकडे वळला आणि त्याला निळ्यात किती पांढरा घालायचा ते सांगू लागला. आम्ही थांबलो.

खोलीचं मी सांगितलं. तो नको म्हणाला. ठकी म्हणाली, काका, कागदावर दोन साक्षीदार लागतात, आणि साक्षीदाराला त्या कागदाने काही घेता येत नाही. त्याने माझ्याकडे बघितलं. “मग बरंच झालं,” तो म्हणाला. “माझ्या वेळी कोणी नव्हतं. मी येतो.”

म्हणून दुसरं कलम खोडलं आहे.

सहाव्याचं उरलेलं असं. सदरा मी मेल्यावर नाही, आजपासून ठकीचा. तो तिने युनिफॉर्मच्या शेजारी, त्याच कपाटात टांगावा. धुवायचा नाही, थंड पाण्यात नाही आणि गरम पाण्यात तर नाहीच. चौकशी पुन्हा उघडली तर नेऊन दाखवायचा, आणि बाह्या कोणी लावल्या ते माझ्या नावासकट सांगायचं. मी असेन तर मीच येईन, गुडघ्यांचं बघू. ठकी, तुझ्यासमोर कोणी पहिल्या दिवशी नाही म्हणालं तर ते नाही लिहून घे. बाकीचे आठ दिवस तुझ्या खोलीत होऊ देऊ नकोस. जमणार नाही असं वाटलं तर नोकरी सोडून ये, मागच्या खोलीत धाकटी तुला ठेवून घेईल, आणि मशीन शिकशील. पण जा. तू जातेस याचा मला आनंद आहे, आणि भीतीही तेवढीच आहे.

सातवं. बँकेत जे असेल ते सायकलवाल्याच्या मुलीला. ती नाही म्हणाली तर तिला दोष देऊ नका, आणि दुसऱ्यांदा विचारायला जाऊ नका.

आठवं. या कागदातलं ट्रंकेचं कलम मी उद्या सकाळी नळावर मोठ्याने वाचणार आहे, बायका पाण्याला येतात तेव्हा. शिंपीणबाईंच्या दारात आधी. ‘ळ’ अडला तर ठकी सांगेल. शिंपीणबाईंनी इस्त्री माझ्या डोक्यात घातली तर ती त्यांचीच आहे.

नववं काही नाही. यापूर्वी मी कुठलाही कागद केलेला नाही, एक सोडून. त्यावर माझा अंगठा होता. तो मी या कागदाने मागे घेते.

हे सगळं दोन्ही साक्षीदारांसमोर वाचून दाखवलं, वाचणारी मीच. माझी सही त्यांनी बघितली आणि त्यांची मी बघितली.

ठिकाण: माझ्या घराची पुढची खोली, दार उघडं ठेवून.
तारीख: अकरा, गुरुवार. ठकी सोमवारी रुजू होणार.

सही: हवालदारीण, धुणं आणि शिवण करणारी. (पहिल्यांदाच केलेली सही. शेवटची रेघ लांब गेली आहे, ती तशीच असू द्यावी.)

साक्षीदार एक: वकीलबाई. सही.

साक्षीदार दोन: पेंटर. गावातल्या सगळ्या पाट्या लिहिणारा. पेन धरता येत नाही म्हणून डाव्या हाताचा अंगठा. शाई मी लावली, आणि ठसा उमटल्यावर अंगठा पुसायला फडकं पुढे केलं. तो म्हणाला, “राहू द्या, वहिनी.”